कुणाच्या तोंडचं?

धुळ्याच्या स्टँडवर रातराणीत पाय ठेवला तेव्हा माझी पिशवी रिकामी होती आणि डोकं मागण्यांनी भरलेलं. कोल्हापूरला निघालेल्या माणसाला आमच्या गल्लीत कोणी ‘सुखरूप जा’ म्हणत नाही, ‘चप्पल आण’ म्हणतं. शेजारच्या काकूंना कांदा-लसूण चटणी हवी होती, भावाला गुळाची ढेप, वहिनीला देवीचं कुंकू. मला स्वतःला काहीच नको होतं. फक्त छापखान्यापासून थोडे दिवस लांब जायचं होतं. लग्नपत्रिका, उद्घाटनाचे फलक, श्रद्धांजलीचे फ्लेक्स हे छापण्यात माझा जन्म चाललाय. त्यामुळे कुठेही गेले तरी मी देऊळ नंतर बघते, दारावरचा फलक आधी वाचते. सगळ्यात मोठ्या अक्षरात ज्याचं नाव असतं त्याने सगळ्यात कमी काम केलेलं असतं, हा माझा धंद्यातला अनुभव. वाद घालायचा असेल त्यांनी दुकानात यावं, चहा पाजीन.

कोल्हापुरात उतरले तेव्हा हवेत गारवा होता आणि कुठून तरी उकळत्या उसाच्या रसाचा वास येत होता. स्टँडबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, “कुठं जायाचं पावणं?” इथे अनोळखी माणूस पावणंच असतो, बाई असो की बुवा. मी म्हटलं, मंगळवार पेठ. रस्ताभर त्याने मला उजवी-डावीकडच्या तालमी दाखवल्या. या तालमीत त्याचे आजोबा लाल मातीत घुमायचे, त्या तालमीने शेजारच्या पेठेची कशी जिरवली, कुठला पैलवान दूध किती प्यायचा. “तुमी धुळ्याला काय दाखवता पावण्यास्नी?” त्याने शेवटी विचारलं. मी भाडं किती झालं ते विचारलं आणि मला माझाच राग आला.

लॉजवर पिशवी टाकून मिसळ खायला गेले. आम्ही खानदेशी माणसं शेवभाजीवरचा लाल तवंग बघत मोठी होतो, त्यामुळे तिखटाची भीती मला कोणी घालू नये. पोऱ्याने विचारलं, “कट आनू काय आनखी?” कट म्हणजे मिसळीवरची झणझणीत तर्री. “आण की!” मी कोल्हापुरी होऊन म्हटलं. दुसरी वाटी संपेपर्यंत नाक, डोळे आणि अभिमान तिन्ही वाहायला लागले. डोळे पुसून वर बघितलं तर समोरच्या भिंतीवर हाताने रंगवलेला एक कागद होता.

‘रविवारचा फेरा, गावाचा इतिहास पायी. मिसळ झाली की या कोपऱ्यावर जमावं. वाचलेलं घरी ठेवून या, ऐकलेलं घेऊन या. – छाया कांबळे, विमा प्रतिनिधी.’

वाचलेलं घरी ठेवून या! छापणाऱ्या बाईला हे सांगायचं? आणि विमा विकणारीचा इतिहासाशी संबंध काय? दुसऱ्या दिवशी रविवारच होता. मी फेऱ्याला गेले ती खरं तर भांडायला.

त्यासाठी नवं कोल्हापुरी चप्पल घालून गेले, ही माझी चूक. विकणारा म्हणाला होता, आधी तेल मुरवा, मग घाला. पण करकर वाजवत चालायची हौस मला आवरली नाही.

कोपऱ्यावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. कॉलेजची मुलं, सायकलवाला एक दूधवाला, एक डॉक्टरीणबाई, नातवाला कडेवर घेतलेल्या आजी. त्यांच्या मधोमध पन्नाशीची एक बाई, निळी साडी, पायात बूट, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाने खिडकी उघडावी. “मी आलो बगा वेळंवर, तुमीच लेट!” कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. मला पहिल्यांदा दचकायला झालं, नंतर हेवा वाटला.

छायाताईंच्या फेऱ्याला एकच नियम. कोणीही काहीही सांगावं, पण ते कुणाच्या तोंडून ऐकलं ते आधी सांगायचं. ‘असं म्हणतात’ हे शब्द तिथे चालत नाहीत. एक पोरगा तालमीच्या भिंतीपाशी उभा राहून म्हणाला, “असं म्हणतात की ही भिंत…” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळा घोळका ओरडला, “कुणाच्या तोंडचं?” पोरगा लाजला आणि म्हणाला, “मामाच्या.” “मामाचं नाव?” नाव आलं. “मामानं बगितलं का ऐकलं?” ऐकलं होतं. “मग तसं सांग की. मामानं ऐकलेलं, म्या ऐकलं. जा फुडं.”

घोळक्यात एक प्राध्यापकही होते, इतिहासाचे. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी एका पडक्या वेशीपाशी छान माहिती द्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांच्या तोंडून ‘समजलं जातं’ निसटलं. “कोन समजतंय?” छायाताईंनी विचारलं. सर हसले. माझी भांडायची खुमखुमी तिथेच निम्मी गेली. मी इतकी वर्षं लोकांना ‘असं म्हणतात’ छापून देत आलेय, स्मरणिकांमध्ये, गावांच्या माहितीपत्रकांमध्ये. कोणी म्हटलंय हे एकदाही विचारलं नाही.

फेऱ्याच्या मध्ये चहाला थांबलो तेव्हा मी छायाताईंना विचारलं, विमा सोडून हे का?

“सोडून कुटं? ह्यो बी विमाच हाय,” त्या म्हणाल्या. “म्हातारं मानूस सांगायच्या आदी गेलं की सपलं. नंतर कितीबी रडा, क्लेम मिळत न्हाय.” मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी सगळ्यांना हाक मारली. “आज फेरा हितं थांबत न्हाय. माज्या गावाला जायाचं हाय. भांडान हाय. यायाचं त्यानं या.”

भांडण म्हटल्यावर मागे राहील तो कोल्हापूरकर कसला? दोन वडाप (माणसं कोंबून नेणाऱ्या जीपगाड्या) भरल्या. मी, सर आणि दूधवाला पुढच्या गाडीत छायाताईंच्या मागे बसलो.

गावाचं नाव मी लिहीत नाही. कोणी लिहू नको म्हटलं म्हणून नव्हे. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, हे त्या गावात झालं, आपल्याकडे तसं नाही. एवढी सोय मी तुम्हाला करून देणार नाही. शहरापासून फार लांब नाही, रस्ता दोन्हीकडच्या उसातून जातो, वाटेत गुऱ्हाळं लागतात. एका गुऱ्हाळावर गाडी थांबवून गुऱ्हाळवाल्याने आम्हाला आलं घातलेला उसाचा रस पाजला आणि तळहातावर गरम काकवी (गूळ होण्याआधीचा पाक) घातली. छायाताईंनी मात्र काही घेतलं नाही. त्यांचा चेहरा बघून मी विचारलं, भांडण कशाचं आहे?

तिथून गावापर्यंत त्या सांगत राहिल्या. गावात मधोमध मोठी दगडी विहीर आहे आणि विहिरीला लागून बाहेरच्या अंगाला दगडात कोरलेली एक लांबट डोण. छायाताईंच्या आजीच्या काळी बौद्ध वस्तीतल्या बायकांना विहिरीला शिवायची बंदी होती. तेव्हा त्या बौद्धही नव्हत्या झालेल्या. त्या घागर घेऊन डोणीपाशी यायच्या आणि थांबायच्या. वरच्या आळीतली कोणी बाई पाण्याला आली आणि तिच्या मनात आलं तर ती वरून डोणीत पाणी ओतायची. डोणीच्या तोटीखाली घागर धरून ते भरून न्यायचं. “माज्या आज्जीच्या तोंडचं,” छायाताई म्हणाल्या. “हौसाबाई. रोज भरलंय तिनं.”

“मग?” मी विचारलं.

“ग्रामपंचायतीनं चौकाचं सुशोभीकरन काढलंय. डोणीवर फलक लावत्यात. काय ते तुमीच वाचा, तुमचा धंदाच हाय न्हवं.”

गाव नीटनेटकं होतं, दारोदार दुचाक्या, गोठ्यात धष्टपुष्ट म्हशी. चौकात नवे ब्लॉक बसवलेले, विहिरीवर जाळी, जाळीला रंग. वडापमधून उतरेपर्यंत माझ्या टाचेला फोड येऊन फुटलाही होता. लंगडत चार पावलं गेले आणि बसण्याजोगा दगड दिसला म्हणून बसले, चप्पल काढलं आणि टाच बघायला लागले.

“उठा तिथनं!”

आवाज मागून आला. सत्तरी ओलांडलेला, ताठ म्हातारा. पांढरा सदरा, डोळ्यांत अंगार आणि हातात दगड फोडायचा घण. मी टुणकन उठले. तेव्हा कळलं, मी डोणीच्या काठावर बसले होते. मला ओळखू आली नाही याचं कारण तिच्यात काठोकाठ माती भरून शोभेची झाडं लावली होती, लाल-पिवळ्या पानांची. झाडांना टेकवून एक पत्र्याचा फलक उभा केला होता. रंगारी शेवटची अक्षरं भरत होता. फलकावर वर पाहुण्या पुढाऱ्याचं नाव, त्याखाली सरपंच, उपसरपंच, सदस्य, आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत बारीक अक्षरांत, लिहिलं होतं: ‘प्राचीन दगडी डोण. पूर्वी गावातील जनावरांना पाणी पाजण्यासाठी हिचा वापर होत असे.’

मी ते दोनदा वाचलं. छायाताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“बगितलं? माज्या आज्जीला जनावर केलंय त्यांनी.”

घणवाले म्हातारे त्यांचे चुलते, दिनकरतात्या. हौसाबाईंचे धाकटे चिरंजीव, इचलकरंजीच्या मागावर आयुष्य काढून गावी परतलेले. त्यांचं पुतणीशीही पटत नव्हतं. “फलक नको आन् डोण बी नको,” ते म्हणाले. “मी फोडायला आलोय. माज्या नातवंडांनी ह्यो दगूड का बगायचा? आयशीबरूबर हुबं ऱ्हाऊन घसा सुकल्याला मला याद हाय. दाखवायची चीज हाय व्हय ही?”

“तात्या, तू फोडलीस की त्यांचं कामच केलंस,” छायाताई म्हणाल्या. “मग फलकसुदिक लागायचा न्हाय. काय झालंच न्हवतं म्हनायला मोकळं.”

तात्यांनी घण खाली ठेवला नाही. दोघांचंही मला पटत होतं आणि त्यामुळे मी अगदीच निरुपयोगी होते. तेवढ्यात समोरच्या घराच्या सोप्यातून एक म्हातारी काठी टेकत आली, नऊवारी, कपाळावरची कुंकवाची जागा रिकामी, गोंदण हिरवंगार. तिने माझ्याकडे बघून जिभेने चक् केलं, घरातून खोबरेल मागवलं, माझ्या चपलेच्या पट्ट्यांना स्वतःच्या हाताने चोळलं आणि म्हणाली, “नवं पायतान घालून कोन हिंडतंय गं? कुटलं पावणं म्हनायचं?” मी धुळे म्हटलं. “लई लांब,” ती म्हणाली आणि आपल्या सोप्याच्या पायरीवर बसून गर्दी बघायला लागली. सगळं गाव तिला आक्का म्हणतं. पंचाऐंशीच्या पुढची असेल. आणि उपसरपंच तानाजीराव तिचा मुलगा, हे तो बुलेटवरून येऊन “आई, तू आत जा” म्हणाला तेव्हा कळलं. आक्का गेली नाही.

तानाजीराव वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगते. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. दिनकरतात्यांना ‘तात्या’ म्हणूनच हाक मारली. गावच्या यात्रेत सगळ्या वस्त्या एकत्र जेवतात, हे अभिमानाने सांगितलं. आणि मग म्हणाले, “छायाताई, गावात एकी हाय. कशाला उकरून काढतायसा? जुनं गेलं. फलकावर चार चांगलं शब्द असूद्यात.”

“चांगलं ऱ्हाऊ द्या, खरं लिवा.”

“खरं म्हंजी काय? कागूद हाय काय तुमच्याकडं? सर, तुमी शिकल्यालं हायसा, तुमी सांगा. लेखी पुरावा लागतोय का न्हाय?”

सर अवघडले. प्रामाणिक माणूस. म्हणाले, “या डोणीविषयी लेखी नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही.”

“झालं तर!” तानाजीराव म्हणाले.

छायाताई सरांकडे नाही, तानाजीरावांकडे नाही, सगळ्या चौकाकडे वळल्या. “ज्यांस्नी शाळंच्या पाटीला हात लावू दिला न्हाय, त्यांच्याकडं लेखी पुरावा मागताय व्हय? आन् जनावरांचा लेखी पुरावा हाय काय तुमच्याकडं? कुटल्या म्हशीनं सही करून दिलीया?”

गर्दी हसली. तानाजीरावही क्षणभर हसले, मग त्यांचा चेहरा लाल झाला. “तुमचाच नेम तुमाला सांगतो. कुनाच्या तोंडचं? तुमच्या आज्जीच्या. आज्जी गेली. तात्या त्या टायमाला पोरगं. बगितल्यालं जितं मानूस आना, मग फलक बदलतो. न्हायतर रंगारी त्याचं काम करील.”

छायाताईंना त्यांच्या स्वतःच्याच नियमाने अडवलं होतं. वस्तीतली डोणीवर पाणी भरलेली शेवटची बाई मागच्या पावसाळ्यात गेली, हे त्यांनी मला वाटेतच सांगितलं होतं. क्लेम गेला होता. दिनकरतात्यांनी घण खांद्यावर घेतला आणि डोणीकडे निघाले. मला वाटलं, आता फुटते ही.

“कुनाच्या तोंडचं म्हनालास, तानाजी?”

पायरीवरून आक्का उठली होती. काठी टेकत ती चौकात आली. “माज्या,” ती म्हणाली.

“आई, तू…”

“गप. मी लगीन होऊन आलो तवा एवढीशी हुतो. सासूनं पैल्या दिवशी हिरीवर आनलं आन् सांगितलं, वरनं वतायचं, हात खाली न्यायचा न्हाय, शिंतोडा उडला तर घरी येऊन आंगूळ करायची. मी वतलंय पानी. ह्या हातानं. जनावरांची डोण तकडं पानंदीत, रानाच्या वाटंला हुती, ती फुटली कवाच. हितं बाया यायच्या. हौसा यायची. माज्या परीस मोटी हुती, माज्याकडं वर बगायची न्हाय, घागरीकडं बगायची. ह्यो तिचा पोरगा, पदराला धरून हुबा असायचा. नागडा.”

दिनकरतात्यांचा घण खांद्यावरच राहिला होता.

सर पुढे झाले. मला वाटलं, आता हे काहीतरी जड बोलणार. पण ते आक्काच्या पुढ्यात खाली बसले आणि त्यांनी नेमके प्रश्न विचारले. पाणी नाकारलं जायचं का? कोण नाकारायचं? तुम्ही कधी नाकारलंत? आक्काने तिन्हींची उत्तरं दिली. शेवटच्या उत्तराला तिचा आवाज बारीक झाला. “व्हय. सासूशी भांडान झालं की तिचा राग ह्या बायांवर काडायचो मी. भरून आनल्याली कळशी तशीच माघारी न्यायचो.”

“आणि हे थांबलं केव्हा?”

“त्यांनीच थांबवलं.” आक्का आता सरांकडे बघत नव्हती, तात्यांकडे बघत होती. “धरम बदलला त्यांनी. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कळशी घिऊन हुबा ऱ्हायलो, कोनच आलं न्हाय. पार दुपार झाली. सासू म्हनाली, येतील तानंनं मरायला लागल्यावर. न्हाय आली. माळावर खडकात हीर खंदत हुती सगळी, बाया-पोरं सुदिक. सुरुंगाचा आवाज हितवर यायचा. मला राग बी आला आन्… काय सांगू… बरं बी वाटलं.”

दिनकरतात्यांनी घण हळूच ब्लॉकवर टेकवला. “त्या हिरीची पैली घागर माज्या आयनं काडली,” ते म्हणाले. मग पुतणीकडे वळले. “छाया, फोडत न्हाय मी डोण. खरं मग नुसतं आमी हितं पानी भरत हुतो एवढंच लिवायचं न्हाय. सोडली ते लिवा. आमी सोडली.”

सर उठता उठता म्हणाले, “याला आम्ही मौखिक पुरावा म्हणतो.”

“आमी त्येला आक्का म्हनतो,” छायाताई म्हणाल्या. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही.

रंगारी ब्रश हातात धरून उपसरपंचांकडे बघत होता. आक्काने त्याला काठीने ढोसलं. “बगतोस काय? रंग वला हाय तवर पूस.” त्याने रॉकेलचा बोळा घेतला आणि जनावरं पुसली. नवा मजकूर काय असावा यावर मग तासभर कचकच झाली. सगळे एकदम बोलत होते आणि ‘कुणाच्या तोंडचं’ हा नियम कोणी पाळत नव्हतं. धंद्याची सवय म्हणून मी मध्ये घुसले, पुढाऱ्यांची नावं मोडीत काढली तर जागा होईल असं सांगितलं, आणि चक्क ते मान्य झालं. तानाजीरावांचा एकच हट्ट होता, आईचं नाव नको. “घराण्याची अब्रू जाईल.”

“घाल नाव,” आक्का म्हणाली. “वततानी लाज वाटली न्हाय, आता कशाला?”

फलकावर शेवटी हे आलं: ‘गावातील विहिरीला शिवण्याची बंदी असल्यामुळे हौसाबाई कांबळे व त्यांच्या वस्तीतील स्त्रिया वरून ओतलेले पाणी या डोणीतून भरत. धर्मांतरानंतर त्यांनी येथे येणे बंद केले आणि माळावर स्वतःची विहीर खणली. सांगणारे: पाणी ओतणाऱ्या आक्का, आणि हौसाबाईंचे चिरंजीव दिनकर.’ सगळी अक्षरं एका मापाची. आयुष्यात एवढा सरळ फलक मी पहिल्यांदा बघितला.

तात्या आणि कॉलेजच्या मुलांनी शोभेची झाडं उपटून बाजूला लावली आणि डोणीतली माती खोऱ्याने काढली. तळाशी तोटी दिसली. तोटीखालच्या दगडावर घागरी टेकून टेकून एक गोल खळगा पडला होता. मी त्यात हात ठेवून बघितला, तो गुळगुळीत होता.

आता तानाजीरावांनाही उमाळा आला. म्हणाले, डोणीत पाणी भरूया, सगळ्यांनी मिळून एकेक ओंजळ पिऊया, झकास फोटो काढूया, पेपरला देऊया. मला ती कल्पना आवडलीसुद्धा होती.

“न्हाय,” छायाताई म्हणाल्या. “त्यातलं पानी आता कुनीबी प्यायाचं न्हाय. एवढं देनं एका फोटोत फेडू नका. कोरडी ऱ्हाऊ दे.” तात्यांनी मान हलवली. डोण कोरडीच राहिली.

संध्याकाळी परत कोल्हापुरात आलो. शहरात संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढून तिथल्या तिथे फेसाळ दूध पेल्यात देतात. त्याला दूध कट्टा म्हणतात. छायाताईंनी मला तिथे नेलं. मी धारोष्ण दूध लहानपणीच सोडलेलं, पण त्यांच्यासमोर नाही म्हणायची हिंमत झाली नाही. ओठावर दुधाची मिशी आली, दोघी हसलो. मी विचारलं, आक्का बोलल्या नसत्या तर?

“तर फुडच्या रविवारी परत गेलो असतो,” त्या म्हणाल्या. “त्याच्या फुडच्याबी. तुमाला काय वाटलं, मी पॉलिसी एका भेटीत विकतो?”

दुसऱ्या दिवशी चटणी, गूळ, कुंकू, चपला असं सगळं घेतलं आणि परतीची बस धरली. टाचेला पट्टी होती. खिडकीतून जाणाऱ्या प्रत्येक गावाच्या वेशीवर कमानी दिसत होत्या, कमानींवर नावं, नावांखाली पदं. विहीर कोणी खणली, कोणाला पाणी नाकारलं, कोणी यायचं बंद केलं, हे एकाही कमानीवर नव्हतं. त्यातल्या काही कमानींची अक्षरं माझ्यासारख्याच कोणीतरी जुळवली असतील, आणि मजकूर आणून देणाऱ्याला काही विचारलं नसेल.

धुळेकरांनो, तुमचा माल पोचता केला आहे. कोणाचं चप्पल चावत असेल तर खोबरेल लावा. पण दुकानात नवी पाटी लावली आहे ती नीट वाचून मग ऑर्डर द्या: ‘असं म्हणतात’ छापून मिळणार नाही. कोणी म्हटलं त्याचं नाव आणा. परवा एक गृहस्थ आपल्या गावच्या पाणपोईची स्मरणिका घेऊन आले. मी विचारलं, जुन्या काळी इथे पाणी कोणाला मिळत नव्हतं? ते चिडून दुसऱ्या छापखान्यात गेले. जाऊ देत. दुसऱ्या छापखान्याचा पत्ता मीच दिला.

हे लिहायला बसले होते तेवढ्यात छायाताईंचा फोन आला. तोच आवाज, कान लांब धरावा लागला. फलक गेला म्हणाल्या. सकाळी लोक उठून बघतात तर नुसते दोन खांब. कोणी नेला कोणाला माहीत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, दुसरा मी इथे छापते, पोलादी पत्र्यावर, पाठवून देते.

“पाटवा की, सावकाश पाटवा,” छायाताई म्हणाल्या. “घाई न्हाय. आक्का डोणीपाशी खुर्ची टाकून बसलीया सकाळधरनं. येनाऱ्या-जानाऱ्याला हाक मारून सगळं सांगतीया. तानाजी आत चल म्हनून गेला दोनदा. त्याला काय म्हनाली ठावं हाय? म्हनाली, पत्रा नेलासा, आता मला उचलून न्या.”